तोट्यातली बोट

‘तोट्यात चालणारी सेवा’ हा शब्दप्रयोग अलीकडे न्यायालयाच्या निकालासारखा वापरला जातो. एसटीची एखादी फेरी, बेस्टचा एखादा मार्ग, आडवळणाची एखादी पॅसेंजर गाडी तोट्यात आहे असे एकदा कोणी म्हटले, की आरोप सिद्ध झाला, शिक्षाही ठरली, आता केवळ अंमलबजावणी उरली, असे गृहीत धरण्यात येते. हा तोटा कोणाचा, तो कोणत्या हिशेबाने मोजला, त्या हिशेबात काय धरले आणि काय सोयीस्करपणे वगळले, हे विचारण्याची उसंत कोणालाच नसते. जो विचारतो त्याला अर्थशास्त्र कळत नाही, असे सांगून गप्प बसवले जाते. आयुष्यभर अर्थशास्त्रच शिकवण्यात ज्याची हयात गेली, अशा माणसाला हे ऐकून घेणे जड जाते.

म्हणून या लेखात मी एका बोटीची बाजू मांडणार आहे. ही बोट आपल्या किनाऱ्यावरची नाही. ती फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथून समोरच्या एका बेटावर जाते, आणि भर हिवाळ्यात, समुद्रावर बर्फाचा थर धरलेला असताना, अर्धीअधिक रिकामी जाते. आपल्याकडील सल्लागार मंडळींच्या फूटपट्टीने मोजली तर ही बोट पहिल्याच बैठकीत बंद व्हायला हवी. ती बंद होत नाही, यामागे त्या लोकांचा भाबडेपणा नसून पक्का हिशेब आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की सार्वजनिक सेवेची कसोटी गर्दीच्या हंगामात लागत नाही, ती रिकाम्या हंगामात लागते. गर्दी असताना गाडी कोणीही चालवील. गर्दी नसताना जी वेळेवर येते तीच सार्वजनिक सेवा.

बेट आणि बोट

हेलसिंकी बंदराच्या तोंडाशी, फिनलंडच्या आखातात, एकमेकांना लागून असलेल्या काही लहान बेटांवर सुओमेनलिन्ना नावाचा जलदुर्ग पसरलेला आहे. फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता त्या काळी, १७४८ साली, ऑगस्टिन एरेन्सव्हेर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे बांधकाम सुरू झाले. १८०८ साली तो रशियाच्या हाती पडला. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि पुढच्या वर्षी किल्ल्याला त्याचे आजचे नाव मिळाले; त्याचा अर्थच ‘फिनलंडचा किल्ला’ असा आहे. १९७३ साली किल्ला लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे आला आणि १९९१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. वर्षाकाठी दहा लाखांच्या आसपास माणसे तेथे येतात.

पण हा केवळ पाहण्याचा किल्ला नव्हे. सुमारे आठशे माणसे तेथे बारा महिने राहतात. तेथे प्राथमिक शाळा आहे, किराणा दुकान आहे, वाचनालय आहे, आणि एक चर्च आहे, ज्याच्या घुमटात दीपगृहाचा दिवा फिरतो. राहती घरे बहुतांशी सरकारी मालकीची असून ती भाड्याने दिलेली आहेत. बेटावर मोटारी जवळजवळ नाहीत. पाण्याच्या व इतर वाहिन्यांसाठी आणि आणीबाणीच्या प्रसंगासाठी शहरापासून समुद्राखालून बोगदा आहे, परंतु सामान्य माणसाला त्यातून जाता येत नाही. त्याने बोटीनेच जायचे.

ही बोट शहरातील मोठ्या बाजारचौकातून सुटते आणि पाव तासात बेटाला लागते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती सहलीची बोट म्हणून चालवलेलीच नाही. हेलसिंकी परिसरातील नगरपालिकांनी मिळून जे संयुक्त वाहतूक प्राधिकरण स्थापन केले आहे, त्याच्या जाळ्यातला तो एक मार्ग आहे. ट्रामचे, बसचे, भुयारी रेल्वेचे जे तिकीट तेच बोटीचे. ऐंशी मिनिटांच्या मुदतीत एकाच तिकिटावर ट्राममधून उतरून बोटीत बसता येते. हे तिकीट तीन युरोंच्या आसपास मिळते. फाटक नाही, रांग नाही, हाकारे घालणारे दलाल नाहीत. तिकीट काढायचे आणि चढायचे. तपासनीस अधूनमधून येतो, आणि विनातिकीट सापडला त्याला जबर दंड बसतो.

मागे एका फेब्रुवारीत, हेलसिंकीत काही दिवस मुक्काम असताना, मी एकटाच या बेटावर दिवसभरासाठी जाऊन आलो. सकाळी पारा उणे आठवर होता. धक्क्यावर माझ्याखेरीज वीस-बावीस माणसे असतील. त्यांत पर्यटक म्हणता येतील असे चार-पाच. त्यांपैकी एक मी. बाकीचे लोक घरी निघालेले किंवा कामावर निघालेले होते. एका बाईंच्या हाती चाकांची पिशवी होती आणि तिच्यातून कांद्याची पात डोकावत होती. एका गृहस्थाने खांद्यावर नळकामाची हत्यारे घेतली होती. एक तरुण आई मुलाला लाकडी घसरगाडीवर बसवून ओढत आली आणि गाडीसकट बोटीत चढली. बोट सुटली तेव्हा तळाशी बर्फ फुटण्याचा आवाज सुरू झाला. दळणाच्या जात्यातून जाडसर धान्य पडावे तसा तो सलग, खरखरीत आवाज पलीकडच्या धक्क्यापर्यंत चालू राहिला. मी एकटाच खिडकीला नाक लावून पाहत होतो. इतर कोणी मानही वर केली नाही. त्यांच्या लेखी गोठलेला समुद्र फोडून वेळेवर पोहोचणारी बोट ही नळाला पाणी येण्याइतकीच साधी गोष्ट होती.

बेटावर दिवसभर हिंडलो. मुख्य वाटेवरचा बर्फ बाजूला सारून खडी पसरलेली होती. आडवाटांना तशी देखभाल नव्हती, तेथे जपून पाऊल टाकावे लागे. तटाच्या टोकाला ‘राजाचा दरवाजा’ आहे, तेथपर्यंत चालत जाऊन आलो. एका उपाहारगृहात गरम सूप मिळाले. पाचच्या सुमारास अंधारू लागले तेव्हा परतीच्या बोटीत आम्ही पंधरा माणसे होतो. शेकडो माणसांच्या बोटीत पंधरा! हिवाळ्यात फेऱ्या उन्हाळ्यापेक्षा कमी असतात, हे खरे. पण पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत त्या चालू असतात, आणि वेळापत्रकात लिहिलेली फेरी ‘प्रवासी नाहीत’ या सबबीवर रद्द होत नाही.

उन्हाळ्याचे सोबती

आता या बोटीच्या अर्थकारणाकडे वळू. हेलसिंकीच्या वाहतूक प्राधिकरणाचा सुमारे निम्मा खर्च तिकिटांतून निघतो. उरलेला मुख्यतः सदस्य नगरपालिका आपल्या करांतून भरतात. आपल्याकडील वृत्तपत्री भाषेत बोलायचे तर ही संस्था निम्म्याने ‘तोट्यात’ आहे. तेथे मात्र या रकमेला नगरपालिकांचा वाटा म्हणतात. शाळेच्या खर्चाला कोणी शाळेचा तोटा म्हणत नाही, पोलीस चौकीला उत्पन्न किती हे कोणी विचारीत नाही. तोच न्याय येथे लावला आहे. शब्द बदलला की विचार बदलतो. म्हणूनच कोणता शब्द वापरायचा हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, ते अर्धी लढाई आधीच जिंकलेले असतात.

या मार्गावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या काही महिन्यांत त्याच बाजारचौकातून बेटाकडे एक खासगी जलबसही जाते. तिला कोणी मनाई केलेली नाही. प्रवासी भरपूर, ऊन छान, समुद्र शांत. तिने धंदा करावा, हे ठीकच. पण सप्टेंबर सरला की ती निघून जाते. ऑक्टोबरचे वादळ, जानेवारीचा काळोख, फेब्रुवारीचा बर्फ, हे सगळे सार्वजनिक बोटीच्या वाट्याला येते. उद्या कोणी उन्हाळ्यातील नफा आणि हिवाळ्यातील खर्च अशी दोन पाने शेजारी मांडून म्हणू लागला, की पाहा, खासगी सेवा कार्यक्षम आहे आणि सरकारी सेवा पांढरा हत्ती आहे, तर त्याला काय म्हणावे? साय एकाने खायची आणि ताकाचा हिशेब दुसऱ्याकडे मागायचा, असा हा प्रकार होईल.

आपल्याकडे हा प्रकार झालेला आहे. गणपतीत, दिवाळीत, मे महिन्याच्या सुटीत मोठ्या शहरांच्या नाक्यांवर खासगी गाड्यांची रांग लागते आणि भाडे मनाला येईल तसे वाढते. आषाढातल्या पावसात घाट चढून, शेवटच्या वाडीपर्यंत जाऊन, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे शाळेची मुले व दूधवाले घेऊन निघणारी मुक्कामाची गाडी मात्र एसटीचीच असते. त्या मुक्कामाच्या गाडीचे उत्पन्न आणि मुंबई-पुणे मार्गावरील वातानुकूल गाडीचे उत्पन्न एकाच तक्त्यात मांडून तुलना करणे ही हिशेबातली लबाडी आहे.

रिकाम्या जागेचे अर्थशास्त्र

‘भावना ठीक आहेत, पण अर्थशास्त्राचे काय?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर अर्थशास्त्रातूनच द्यायला हवे. ते उत्तर समाजवाद्यांनी शोधून काढलेले नाही. १८४४ साली ज्यूल द्यूपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता मोजण्याचा प्रश्न हाती घेतला. त्याच्या विवेचनाचा गाभा पुलाच्या उदाहरणाने सांगता येतो. एकदा बांधलेल्या आणि गर्दी नसलेल्या पुलावरून आणखी एक माणूस गेला तर समाजाचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. असे असताना जबर टोल लावून त्या माणसाला परत पाठवले, तर त्याचे नुकसान होते आणि पुलाचा खर्च मात्र एका पैशाने कमी होत नाही. टोलनाक्याच्या वहीत हे नुकसान कोठेच दिसत नाही, कारण जो माणूस पुलावर आलाच नाही त्याची नोंद करणार कोण?

१९३८ साली हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार रेल्वे आणि वीजपुरवठ्याला लावून दाखवला. ज्या व्यवसायांत मोठा खर्च आरंभीच करावा लागतो आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकाचा जादा खर्च अल्प असतो, तेथे दर या जादा खर्चाइतकेच ठेवावेत आणि उरलेला स्थिर खर्च कररूपाने भरावा. समाजाचे एकूण हित त्यातच आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९७२ साली हर्बर्ट मोहरिंग याने शहरी बसच्या बाबतीत त्यात मोलाची भर घातली. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचा थांब्यावर ताटकळण्याचा वेळ कमी होतो. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाला न कळत काहीतरी देऊन जातो. या कारणानेही सार्वजनिक वाहतुकीला करांतून साहाय्य देणे अर्थशास्त्रदृष्ट्या समर्थनीय ठरते.

मोहरिंगचे चक्र उलटेही फिरते, आणि आपण महाराष्ट्रात ते फिरताना पाहिले आहे. प्रवासी कमी म्हणून फेरी कापली. फेरी कापली म्हणून थांब्यावरची वाट लांबली. वाट लांबली म्हणून ज्याला जमले त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. मग प्रवासी आणखी कमी झाले, आणि साहेब म्हणाले, पाहा, आम्ही सांगतच होतो. रोग्याला उपाशी ठेवायचे आणि त्याचे वजन घटले म्हणून औषधही थांबवायचे, असे हे वैद्यक आहे. चक्र सुलटे फिरवता येते, हेही दिसलेले आहे. जुलै २०१९ मध्ये मुंबईत बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी लक्षणीय वाढले. पण त्या प्रवाशांना पुरेशा स्वतःच्या बसगाड्या देण्याची वेळ आली तेव्हा भाडेतत्त्वावरच्या कंत्राटी गाड्यांचा मार्ग पत्करला गेला, आणि मे २०२५ मध्ये तेच किमान भाडे दुप्पट करून दहा रुपयांवर नेण्यात आले.

हिवाळ्यातल्या त्या बोटीकडे या दृष्टीने पाहा. आठशे रहिवाशांसाठी, शाळेसाठी, कामगारांसाठी ती जाणारच आहे. इंधन जळणारच आहे, खलाशांचा पगार द्यावाच लागणार आहे. अशा बोटीत बाहेरगावचा एखादा म्हातारा चढला, त्याने आपले तिकीट काढले आणि बेटावर सूप विकत घेतले, तर कोणाचे काय गेले? त्याला अडवून शहराचा एक छदामही वाचला नसता. आणि खासगी मोटार नसलेल्या, गटसहलीचे पैसे न भरलेल्या, फारसा धडधाकट नसलेल्या एकट्या माणसाला भर हिवाळ्यात एका बेटावर जाऊन सुखरूप परत येता आले, याचे मूल्य कोणत्या ताळेबंदात धरायचे?

‘ते श्रीमंत आहेत’

येथे नेहमीचा आक्षेप येतो. फिनलंड श्रीमंत आहे, त्यांना परवडते. आधी आपण श्रीमंत होऊ, मग बोटी चालवू. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. १८६६ ते १८६८ या काळात फिनलंडमध्ये जो दुष्काळ पडला त्यात लोकसंख्येच्या सुमारे आठ टक्के माणसे मेली. हा युरोपातील अत्यंत दरिद्री प्रदेशांपैकी एक होता. त्याची बंदरे हिवाळ्यात गोठत आणि व्यापार ठप्प होई. त्या दुष्काळाला पंचवीस वर्षेही लोटली नव्हती, तेव्हा १८९० साली, रशियन साम्राज्याच्या अमलाखाली असतानाही, तेथील शासनाने बर्फ फोडणारे पहिले सरकारी जहाज पाण्यात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर या लहानशा देशाने सोव्हिएत संघाला युद्धदंड भरला आणि तो १९५२ पर्यंत फेडून पुरा केला. गमावलेल्या भूभागातून आलेल्या चार लाखांहून अधिक निर्वासितांना त्याच काळात जमिनी व घरे दिली. त्याच ओढगस्तीच्या काळात, १९४५ साली, हेलसिंकी शहराने आपली ट्राम-बस वाहतूक महापालिकेचे खाते म्हणून चालवायला घेतली. श्रीमंती आधी आली आणि सार्वजनिक सेवा मागाहून, हा क्रम खरा नाही. सार्वजनिक सेवा हे त्या समाजाच्या वर येण्याचे एक साधन होते.

तथापि फिनलंडला नंदनवन ठरविण्याची माझी इच्छा नाही. तो भांडवलशाही देश आहे. २०२३ मध्ये तेथे आलेल्या उजव्या आघाडीच्या सरकारने कल्याणकारी तरतुदींना कात्री लावली, आणि २०२४ च्या वसंतात कामगार संघटनांना आठवडेच्या आठवडे राजकीय संप करावे लागले. १ जानेवारी २०२५ पासून प्रवासी वाहतुकीवरील मूल्यवर्धित कर दहा टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर नेण्यात आला. म्हणजे प्रवाशाच्या खिशात हात घालण्याची युक्ती तेथील अर्थमंत्र्यांनाही ठाऊक आहे. पण आपले सरकार त्यांना या बाबतीत मागे टाकील. एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे घ्यायचा, सवलतींची घोषणा मंत्र्यांनी करायची, त्यांची भरपाई महामंडळाला उशिरा द्यायची आणि मग महामंडळ तोट्यात आहे म्हणून हळहळायचे, ही कला आपल्याच राज्यात फुलली.

भिंतीवरचा उपदेश

सुओमेनलिन्नाच्या राजाच्या दरवाजापाशी एक शिलालेख आहे. तो पुढच्या पिढ्यांना सांगतो की आपल्या पायांवर उभे राहा, परक्याच्या मदतीवर विसंबू नका. उपदेश चांगला आहे. पण ज्या भिंतीवर तो कोरला, त्या भिंतीनेच १८०८ साली फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. तटबंदीने स्वावलंबन येत नाही. ते माणसांच्या संघटनेतून येते, आणि त्याचीही साक्ष याच बेटावर आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात या किल्ल्यातील रशियन सैनिकांनी झारविरुद्ध बंड केले आणि हेलसिंकीतील कामगारांच्या लाल रक्षकदलाने त्यांना साथ दिली. बंड चिरडले गेले. पण आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक संपाने दिलेला हादरा वाया गेला नव्हता. त्याच १९०६ साली फिनलंडच्या स्त्री-पुरुषांना मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचाही हक्क मिळाला, आणि १९०७ च्या निवडणुकीत एकोणीस स्त्रिया निवडून आल्या. १९१८ च्या यादवी युद्धात कामगारांची बाजू हरली तेव्हा याच बेटावर हजारो लाल कैद्यांना डांबण्यात आले. उपासमार आणि रोग यांनी त्यांतील शेकडो येथेच मेले. देशभरच्या छावण्यांत मेलेल्यांची संख्या बारा हजारांच्या आसपास जाते.

आज त्याच बेटावर एक खुला तुरुंग आहे, आणि तेथील कैदी तटबंदीच्या डागडुजीच्या कामात हातभार लावतात. छावणी ते खुला तुरुंग, आणि बंदिस्त लष्करी ठाणे ते ट्रामच्या तिकिटावर सर्वांना खुले बेट, हा प्रवास आपोआप झालेला नाही. मताचा हक्क, संघटना आणि नगरपालिकांतील बहुमत यांच्या बळावर तो झाला. ती बोट हे त्या प्रवासाचे लहानसे, रोजचे, कोणाच्या ध्यानातही न येणारे फळ आहे.

आपले बेट

आपल्याकडेही महानगरासमोर जागतिक वारशाचे एक बेट आहे. घारापुरीची लेणी १९८७ साली, म्हणजे सुओमेनलिन्नाच्या चार वर्षे आधी, युनेस्कोच्या यादीत आली. गेटवेपासून बोटीने सुमारे तासाभराचे अंतर. बेटावर गावे, शाळा, माणसे. त्या गावांत कायमची वीज समुद्राखालच्या तारेने पोहोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडला. तोवर रात्री समोर देशाची आर्थिक राजधानी लखलखत असे आणि अलीकडे गावकरी जनित्राच्या तासांवर दिवस काढीत. तेथे जाणाऱ्या लाँचेस खासगी आहेत आणि त्यांचे वेळापत्रक पर्यटकाच्या सोयीने आखलेले आहे. गेटवेहून मांडव्याला जाणारी प्रवासी बोट पावसाळ्याचे महिने बंद असते. अरबी समुद्राचा पावसाळा बाल्टिकच्या बर्फाहून सोपा आहे, असे मी म्हणणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली, हे कोकणी माणूस विसरलेला नाही. उधाणात बोट थांबवावी लागते. पण हवामान अवघड आहे म्हणून त्याला तोंड देणारी जहाजे व धक्के बांधणे निराळे, आणि हवामान अवघड आहे म्हणून प्रवाशाला वाऱ्यावर सोडणे निराळे. एका समाजाने आपल्या अवघड ऋतूसाठी जहाजे घडवली. आपण आपल्या अवघड ऋतूला सुटी मानले.

आपल्या चळवळीतील काही मंडळींनाही येथे दोन शब्द सांगणे भाग आहे. सार्वजनिक वाहतुकीचा कैवार घेताना आपण वारंवार म्हणतो की ही गरिबांची गाडी आहे. हेतू चांगला असला तरी हे वाक्य घातक आहे. ‘गरिबांची गाडी’ म्हटले की ती फाटक्या आसनांची असली तरी चालते, उशिरा आली तरी चालते, आणि उद्या गरिबांच्या हातावर काही रोख रक्कम टेकवून ती बंद केली तरी चालते. त्या बोटीत नळकाम करणारा होता, शहरात खरेदी करून परतणारी गृहिणी होती आणि परदेशातून आलेला निवृत्त प्राध्यापकही होता. सर्वांचे तिकीट एक, बाक एक. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या घालण्याचा निर्णय घेतला. त्यामागची दृष्टी हीच होती. सामान्य प्रवाशाला दया नको असते. त्याला पाठ टेकायला नीट जागा हवी असते, आणि तो त्याचा हक्क असतो.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? आपल्या आगारात जा आणि वेळापत्रक मागा. ते मे महिन्याचे नको, जुलै महिन्याचे मागा. कोणत्या फेऱ्या कागदावर आहेत आणि कोणत्या रस्त्यावर आहेत, याची थांब्यावर उभे राहून नोंद करा. गेल्या दहा वर्षांत बंद झालेल्या मुक्कामाच्या गाड्यांची यादी करा, आणि त्या बंद झाल्यावर त्या गावातल्या किती मुलींची शाळा सुटली, किती बाळंतिणी जीपच्या भाड्याला मोताद झाल्या, हे घरोघर जाऊन विचारा. हा आकडा त्या ‘तोट्या’च्या आकड्याशेजारी लिहा आणि तहसीलदाराच्या टेबलावर ठेवा. नगरपालिकेच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न घाला: शेवटची बस किती वाजता सुटेल, आणि तिच्यात एकच प्रवासी असला तरी ती सुटेल काय?

या प्रश्नाला जो ‘होय’ म्हणेल त्याच्याशी पुढचे बोलणे करता येईल. जो तोट्याचा तक्ता पुढे करील, त्याला विचारा की तक्त्यात गाडीवाचून घरी बसलेली माणसे कोठे मांडली आहेत. तो रकाना त्याच्या कागदावर नसेल. तो रकाना भरून त्याच्यापुढे ठेवणे, हेच आपले काम आहे.